परदेशात पाहिलेले कोणते ठिकाण मनात राहिले, आणि कशामुळे?

प्रश्न : वाडीकर

नमस्कार. येत्या मार्चअखेरीस मी शाळेच्या नोकरीतून निवृत्त होत आहे. आयुष्यभर मुलांना इतिहास-भूगोल शिकवला, नकाशावर देश दाखवले, पण स्वतः देशाबाहेर पाऊल टाकण्याचा योग आला नाही. यजमान आधीच निवृत्त झाले आहेत, मुलांच्या जबाबदाऱ्या उरकल्या आहेत, आणि एक मोठा प्रवास करता येईल एवढी पुंजी बाजूला ठेवली आहे. एकच करता येईल, म्हणून प्रश्न पडला आहे.

सहल कंपन्यांची माहितीपत्रके आणून पाहिली. पंधरा दिवसांत सात-आठ देश, रोज नवे हॉटेल आणि प्रत्येक शहरात 'फोटो स्टॉप', असा बहुतेकांचा थाट आहे. आमच्या सोसायटीतील जी मंडळी अशा सहलींना जाऊन आली, त्यांच्याकडे फोटो भरपूर आहेत. परंतु नेमके काय पाहिले असे विचारले, की कोणत्या हॉटेलात नाश्त्याला पोहे मिळाले याचीच आठवण ताजी असते. ही चेष्टा नव्हे. माझेही तसेच होईल अशी मला धास्ती वाटते.

म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारते, की हौसेने केलेल्या परदेश प्रवासातले कोणते एक ठिकाण तुमच्या मनात राहिले, तिथे तुम्ही नेमके काय पाहिले, आणि तेच का राहिले असे तुम्हाला वाटते? व्हिसा आणि विमानभाडे यांची माहिती इतरत्र मिळते, ती नको. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि यजमानांचे गुडघे थोडे कुरकुरतात, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

उत्तर : दक्षिणायन

ताई, ज्यांनी इतिहास शिकवला आहे त्यांना मी निःशंकपणे कंबोडियातील अंगकोर सुचवेन. अंगकोर हे एक मंदिर नसून ख्मेर राजांच्या राजधान्यांचा विस्तीर्ण परिसर आहे, आणि अंगकोर वाट हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध मंदिर. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने ते विष्णूसाठी उभारले. पुढे ते बौद्धांचे झाले आणि आजही तिथे पिवळ्या-केशरी वस्त्रांतले भिक्षू दिसतात. बहुतेक प्रवासी पहाटेच्या अंधारात पुढच्या तळ्याकाठी दाटीवाटीने उभे राहतात, पाच शिखरांमागून उगवणारा सूर्य टिपतात आणि न्याहारीसाठी हॉटेल गाठतात. सूर्योदय सुंदर असतो, यात वाद नाही. पण माझ्या मते अंगकोर वाट खरे सुरू होते ते ही मंडळी परतल्यावर.

मंदिराच्या सर्वांत बाहेरच्या ओवऱ्यांच्या भिंती शिल्पपटांनी भरलेल्या आहेत. मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे. त्या बाजूच्या ओवरीत उजवीकडे कुरुक्षेत्राचे युद्ध आहे आणि डावीकडे लंकेचे. कुरुक्षेत्रात शरपंजरी पडलेले भीष्म आपण कोणी न सांगता ओळखतो. लंकेच्या युद्धात हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडणारा राम आहे आणि दहा मस्तकांचा रावणही आहे. मात्र ज्यासाठी मी पुन्हा जाईन, तो पट पूर्वेच्या ओवरीत आहे. समुद्रमंथनाचा हा पट सुमारे ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकीला ओढत आहेत, मध्यभागी चतुर्भुज विष्णू आहे आणि त्याच्या खाली कूर्म. सकाळी त्या ओवरीत पूर्वेचा उजेड येतो, तेव्हा खालच्या पट्टीकडे अवश्य पाहावे. तिथे समुद्रातले मासे आणि मगरी कोरल्या आहेत, आणि मंथनाच्या रवीच्या जसजसे जवळ जावे, तसतसे पाण्याच्या जोराने त्यांचे तुकडे होताना दिसतात. कडेचे मासे अखंड, मधले चिरफाळलेले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, परंतु त्या घुसळणीत माशांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. तो त्या ख्मेर कारागिराने केला होता.

एक गंमत अशी, की हे शिल्पपट क्रमाने पाहायचे तर मंदिर डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने चालावे लागते. ही दिशा अंत्यविधीशी जोडलेली असल्याने आणि मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने ते राजाचे समाधिमंदिरही असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात, तो देश अजून अशांत असताना, इथे दुरुस्तीचे काम केले होते, हेही भिंतीजवळ उभे असताना आठवते.

मंदिरे खूप आहेत. सगळी पाहण्याच्या भरीस पडू नये. बायोनमधले दगडी चेहरे, झाडांच्या मुळांनी कवटाळलेले ता प्रोह्म, आणि इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले, गुलाबी वालुकाश्मातले चिमुकले बान्ते स्राय, एवढी पुरेत. गुडघे साथ देत असतील तर कबाल स्पेआनला जावे. तिथे डोंगरातल्या नदीच्या तळाच्या खडकातच असंख्य शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू कोरले आहेत, म्हणजे राजधानीकडे वाहत जाणारे पाणी देवांना स्पर्शून पुढे जाई. चढ बेताचा आहे, पण वाट दगडधोंड्यांची आहे.

उत्तर : पंचगंगाकाठ

माझे ठिकाण लहान आहे आणि कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत ते नसते. इटलीत फ्लॉरेन्सला सगळे जण जातात. मिकेलांजेलोचा डेव्हिड, मोठा घुमट आणि सोनारांच्या दुकानांचा जुना पूल पाहतात. आम्हीही पाहिले. पण आम्ही कोल्हापूरचे असल्यामुळे एक दुपार राखून ठेवली होती ती 'कासिने' नावाच्या बागेसाठी. अर्नो नदीच्या काठाने ही लांबलचक बाग पसरली आहे आणि तिच्या पार पश्चिम टोकाला, जिथे मुग्नोने नावाचा ओढा अर्नोला मिळतो, तिथे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे स्मारक आहे.

ज्यांना ही हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे राजाराम महाराज म्हणजे ताराबाईंचे पती नव्हेत. राजर्षी शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले, त्यांच्या आधीच्या पिढीतले हे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, आणि परतीच्या प्रवासात फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. कॅथलिक देशातल्या त्या शहरात उघड्यावर अग्निसंस्कार ही अपूर्व गोष्ट होती. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि संगमाच्या जागी रात्री महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभे राहिले. महाराजांचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे, आणि वरच्या छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची. ज्यांना हे नाव ओळखीचे वाटेल त्यांच्यासाठी खुलासा करतो, की कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा याच मँट यांचा.

बागेत शिरल्यावर बराच वेळ चालावे लागते. सायकलवाले, कुत्री फिरवणारी मंडळी, झाडीतून मधूनच दिसणारी नदी, आणि मग अचानक ती छत्री समोर येते. पुतळ्याला रंग दिलेले आहेत. डोक्यावर पगडी आणि अंगावर दागिने. जवळून गेलेल्या, दोरखंडांनी तोललेल्या आधुनिक पुलालाही फ्लॉरेन्सकरांनी या 'भारतीया'चेच नाव दिले आहे आणि रोज हजारो वाहने त्यावरून जातात. पण हा भारतीय कोण, हे त्या वाहनांतल्या किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. आम्ही गेलो तेव्हा एक वृद्ध इटालियन गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही त्याच गावचे, हे खाणाखुणांनी त्यांना सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आमच्याशी हस्तांदोलन केले. असे सांत्वन स्वीकारायचे कसे, हे आम्हाला कळेना.

महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती आणि ती १८७२ मध्ये लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ताई, आपण इतिहासाच्या शिक्षिका आहात. जाण्यापूर्वी ती वाचावी, असे आग्रहाने सुचवतो. माझ्या मनात ते ठिकाण राहिले, याचे निम्मे श्रेय त्या वाचनाला आहे.

उत्तर : खिडकीजवळची

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. समूह सहलींना नावे ठेवण्याची अलीकडे पद्धतच पडली आहे, आणि ती ठेवणाऱ्यांत तरुण, धडधाकट आणि परदेशी रेल्वेचे वेळापत्रक सहज वाचता येणारी मंडळी जास्त असतात. मी माझ्या आईला घेऊन युरोपला गेले ती अशाच सहलीने. सामान उचलणारे कोणीतरी होते, संध्याकाळी वरणभात होता, आणि आजारी पडले तर काय करायचे हे ठाऊक असलेला सहल व्यवस्थापक सोबत होता. तो नसता, तर आई मुंबईच्या विमानतळापुढे गेलीच नसती.

आणि मनात राहिलेले ठिकाण म्हणाल, तर तेही याच सहलीतले : स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख. समुद्रसपाटीपासून ३४५४ मीटर उंचीवरच्या या स्थानकापर्यंत १९१२ पासून रेल्वे जाते. शेवटचा बहुतेक मार्ग आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याचा आहे. वाटेत 'आयस्मेर' नावाच्या थांब्यावर गाडी काही मिनिटे थांबते; उतरून बोगद्याच्या भिंतीत कोरलेल्या मोठ्या खिडकीपाशी गेले, की बाहेर भेगाळलेली हिमनदी दिसते. आई त्या खिडकीच्या काचेला हात लावून उभी होती. गाडीची सूचना झाली तरी ती हलेना, म्हणून व्यवस्थापक तिला न्यायला आले, तर त्यांनाच तिने विचारले, "हा बोगदा खणणारी माणसे राहत कुठे होती हो?" त्यांना उत्तर देता आले नाही. वर पोहोचल्यावर आल्प्समधली सर्वांत लांब असलेली आलेच हिमनदी समोर पसरलेली असते आणि तिचे फोटो सगळ्यांकडे असतात. आमच्या घरी मात्र अजून त्या खिडकीचीच गोष्ट निघते. वेळ कमी असला म्हणजे काही पाहता येत नाही, हे मला तरी मान्य नाही.

वर हवा विरळ असते, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच जावे.

उत्तर : गलबत

वरील उत्तरांइतके भारदस्त काही माझ्याकडे नाही. मला इस्तंबूल आठवते, आणि त्यातही एमिनोन्यूहून काडिकोयला जाणारी साधी प्रवासी बोट. युरोपच्या काठावर चढायचे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आशियाच्या काठावर उतरायचे. भोवती कामावरून परतणारी माणसे, मागे सीगल पक्ष्यांचा थवा, आणि कमरेत बारीक असलेल्या पेल्यांतला कोरा चहा घेऊन फिरणारा पोऱ्या. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसची लाँच पकडणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही, आणि मला ते आवडण्याचे कारणही बहुधा तेच असावे. संध्याकाळी डेकवर बसले, की मशिदींचे घुमट आणि मिनार एकामागून एक काळे होत जातात. त्या बोटीने मी गरज नसताना अनेकदा ये-जा केली.

आया सोफियाविषयी एक सांगतो, कारण विचारणाऱ्या शिक्षिका आहेत. इ.स. ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियनने पूर्ण केलेले हे चर्च १४५३ नंतर मशीद झाले, विसाव्या शतकात संग्रहालय झाले, आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. पर्यटकांना आता तिकीट काढून वरच्या सज्जात जावे लागते. त्या सज्जात संगमरवरी कठड्यावर रुन या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत ओरखडलेली अक्षरे आहेत. सम्राटाच्या पदरी भाडोत्री सैनिक म्हणून आलेल्या कोणा उत्तर युरोपीय माणसाने आपले नाव तिथे कोरून ठेवले असावे, असे मानतात. त्यातले 'हाल्फदान' एवढे नाव लागते. किल्ल्यांच्या भिंतींवर बाण आणि बदाम कोरणाऱ्यांवर आपण चिडतो आणि चिडलेच पाहिजे, परंतु हजारेक वर्षांपूर्वीचा तोच उद्योग मी कौतुकाने वाकून पाहिला, हे कबूल केले पाहिजे.

खाण्याचे हाल होत नाहीत. मसुराचे सूप, भरलेली वांगी, तिळाचे गोल पाव आणि चीज सगळीकडे मिळते. मात्र सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारून घ्यावे.

उत्तर : सागवेकर

मॉरिशसचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे नवल वाटले. लोक तिथे समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. किनारे उत्तमच आहेत, पण ताईंनी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट चुकवू नये. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. त्यांची नोंदणी जिथे होत असे, त्या इमारतीचे अवशेष आणि ज्या १६ पायऱ्या चढून ती किनाऱ्यावर आली त्या पायऱ्या तिथे जपल्या आहेत. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती, आणि त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून वेगळा समाज राखून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही नेमके त्याच सुमारास गेलो होतो. क्रिओल ही तिथली बोली बोलणारी मुले समुद्रात गणपती पोहोचवताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्यात मिसळून फुगडी घातली. शक्य असल्यास भाद्रपदातच जावे.

वाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे यजमानांना वाचून दाखवली. त्यांना मगरींचे तुकडे झालेला पट पाहायचा आहे, आणि मला फ्लॉरेन्सची हकिकत डोक्यातून जाईना; परंतु दोन्ही एका प्रवासात बसवायला गेले, की मी पुन्हा त्या माहितीपत्रकावरच येते. खिडकीजवळची यांच्या मातुःश्रींचा प्रश्न मला फार आवडला. माझ्या वर्गात असा प्रश्न विचारणारी मुले थोडीच भेटली. तूर्त आमचा कौल अंगकोरला आहे. दक्षिणायन, आपणास तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिथे शाकाहारी जेवण मिळते का, गुडघ्यांच्या दृष्टीने काय टाळावे, आणि राहण्याचे दिवस कसे लावावेत?

उत्तर : दक्षिणायन

ताई, मुक्काम सिएम रीप या गावात करावा. तिथून अंगकोर वाट सहा-सात किलोमीटरवर आहे. गावात भारतीय खानावळी आहेत. स्थानिक जेवण घ्यायचे असल्यास केवळ 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण माशांचा रस मिठासारखा बहुतेक पदार्थांत पडतो. तो नको, हे वेगळे सांगावे लागते. यजमानांसाठी अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याची खडी चढण सोडून द्यावी. शिल्पपटांच्या ओवऱ्या खालीच आहेत आणि तिथे बेताच्या पायऱ्या सोडल्या, तर सपाटीवरच चालायचे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुसह्य असतो. आपण मार्चअखेरीस निवृत्त झाल्याबरोबर निघण्याचा विचार करत असाल, तर मात्र तो सोडावा, कारण एप्रिलमध्ये तिथले ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देते.

राहिला प्रश्न दिवसांचा. परिसराचा पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो. तीन दिवसांच्या पासाला ६२ अमेरिकी डॉलर पडतात, आणि हे तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत; दहा दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन चालतात. म्हणून एक दिवस मंदिरे आणि एक दिवस विश्रांती, असा क्रम लावावा. पहिल्या दिवशी फक्त अंगकोर वाट ठेवावे, आणि सकाळी पूर्वेची ओवरी पाहून झाली, की दुपारी हॉटेलवर जाऊन झोपावे व चारच्या सुमारास पश्चिमेची ओवरी पाहायला परत यावे. टुकटुकवाल्याशी दिवसाचे पैसे आधीच ठरवले, तर तो ही दोन्ही खेपांची ये-जा आनंदाने करतो.